घागरीतली दोन बोटं

अप्पा,

आत्यानं तेल घेतलं नव्हतं. कोणीच घेतलं नव्हतं. तेल निवलं होतं, एवढंच झालं होतं.

काल सकाळपासून मला बसवत नाही आणि उभंही राहवत नाही. आज दिवाळी आहे, खाली घर माणसांनी भरलं आहे, मेलकावेरीच्या आपल्या गल्लीत फटाक्यांचा धूर कोंडला आहे, आणि मी वरच्या खोलीत दार लोटून, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, तुम्हाला पत्र लिहिते आहे. हे मराठी वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडतील. हे आपल्या घरचं, पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेलं जुनं मराठी नाही. माझं 'मज-तुज' ऐकून मी काम करते त्या तेलवाहू जहाजावरचे रत्नागिरी-सांगलीकडचे लोक पोट धरून हसायचे, 'बाई, तू कुठल्या बखरीतून बाहेर पडलीस?' असं विचारायचे, आणि हसता हसता त्यांनीच मला त्यांचं मराठी शिकवलं. आज मुद्दाम त्यातच लिहिते. घरच्या भाषेत तुमच्याशी भांडायला बसले तर दुसऱ्या वाक्याला रडू येईल, आणि मला आज रडायचं नाही.

आधी काल काय झालं ते सांगते. दादाच्या मुलीचं यंदा लग्न झालं. ही तिची माहेरची पहिली दिवाळी, जावई आले आहेत. आपल्याकडची रीत तुम्हाला काय सांगायची, पण मला ती एकदा ओळीनं लिहून पाहायची आहे, कारण सगळं तिच्यातच आहे. तीळतेलात मिरी, जिरं, विड्याची पानं आणि गुळाचा खडा घालून ते कढवायचं, गाळून ऊन ऊनच, आता पितळी घागरीत, काठोकाठ भरायचं. तेल जिथवर आलं तिथे घागरीच्या गळ्याला आतल्या बाजूनं कुंकवाची रेघ ओढायची आणि तोंडाला हळदीचं फडकं बांधायचं. दिवाळीच्या पहाटे जावयासमोर ते फडकं सोडायचं. तेल रेघेला टेकलेलं दिसलं पाहिजे. रेघेखाली तेल म्हणजे मुलीच्या संसारात उणं. मग त्यातलं थोडं दोघांच्या डोक्याला, आणि बाकीची घागर मुलीबरोबर सासरी.

घागर दोन बोटं उणी भरायचा तुमचा नियम यंदा वहिनीनं मोडला. आईनंच तिला सांगून ठेवलं होतं म्हणे, माझ्या धाकटीची (म्हणजे माझी) घागर यांनी उणी पाठवली, ती रुखरुख मला मरेपर्यंत राहणार, तूं तसें करूं नको. वहिनीनं परवा दुपारी काठोकाठ भरली. काल सकाळी ताजं फडकं बांधायला म्हणून जुनं सोडलं आणि तिथूनच ओरडली. मी कॉफीचा पेला घेऊन स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती घागरीत वाकून बघत होती आणि भांडी घासायला येणारी अक्का मोरीपाशी हात पुसत उभी होती.

"तीन बोटें उतरलें ग! कोणी काढलें?" वहिनी म्हणाली. म्हणाली मला, पण पाहिलं अक्काकडे. अक्काचा चेहरा राखेसारखा झाला.

"कोणी काढलें नाहीं वहिनी," मी हसत म्हणाले. "ऊन भरलेंस, निवलें. निवलें तें आकसलें. तुझी घागर म्हणजे टँकच आहे, गळा अरुंद म्हणून डोळ्यांत भरतें."

अक्कानं सोडलेला श्वास मला ऐकू आला. वहिनी म्हणाली, "सरि सरि, असेल बाई, जहाजाचें शास्त्र तुझें तुजपाशीं," आणि वाटीभर तेल ओतून रेघ गाठली. संपलं. एवढ्याशा गोष्टीला एवढासा वेळ लागला. मी ओट्यावर पेला ठेवायला वळले आणि तो पेटलेल्या शेगडीवर ठेवला. कॉफी उतू गेली, वहिनी धावली, आणि मी तिथेच उभी. माझ्या तोंडून जे निघालं होतं ते माझ्याच कानांत आता पोचत होतं. निवलं. आकसलं. तीन बोटं. तेव्हाही तीनच बोटं म्हणत होते सगळे.

अप्पा, तुम्हाला माझं काम मी कधी नीट सांगितलं नाही. तुम्ही विचारायचात, मी 'तेल मोजते' म्हणायचे आणि तुम्ही घाण्यावरच्या माणसाकडे बघावं तसे माझ्याकडे बघून हसायचात. टँकरवर तेल नुसतं लिटरांत मोजून भागत नाही. तेच तेल उन्हात फुगतं, गारठ्यात आकसतं. म्हणून टँकच्या तोंडातून फीत सोडायची, तेलाच्या वर किती मोकळी जागा आहे ते पाहायचं, तिला आम्ही अलेज म्हणतो. मग वरचं, मधलं, तळचं तापमान घ्यायचं, जहाज कुठे कललं आहे ते धरायचं, आणि तक्त्यांतून काढायचं की हेच तेल एका ठरलेल्या तापमानाला किती जागा व्यापलं असतं. तिथून त्याचं वजन. लिटर रोज बदलतात, वजन बदलत नाही. पामतेल तर गोठू नये म्हणून वाटभर वाफेच्या नळ्यांनी ऊन ठेवावं लागतं, आणि भरलं तेव्हा जेवढं ऊन तेवढंच उतरवताना राहील असं नाही. एकदा एका थंडगार बंदरात माल घेणाऱ्याचा माणूस टँकमध्ये डोकावला आणि डेकवरच ओरडायला लागला, की तुम्ही वाटेत विकलंत, तुम्ही सगळे चोर आहात. माझ्या हाताखालचे लोक मुठी वळून उभे. मी त्याला बरोबर घेतलं, टँकमागून टँक तापमान घेत फिरले, खाली बसवून तक्ते उघडले आणि त्याच्याच पेन्सिलीनं त्याला हिशेब करायला लावला. वजन जुळलं. तो खाली बघून म्हणाला, चहा मिळेल का? तेव्हा मी त्याला काय सांगितलं असेल? सांगितलं की माझे वडील पदार्थविज्ञानाचे मास्तर होते, आणि आमच्या घरी तेलाची घागर भरताना ते दोन बोटं जागा सोडायला लावत. मी हे प्रत्येक जहाजावर सांगितलं आहे. टँक गच्च भरायचा नसतो, अठ्ठ्याण्णव टक्क्यांपाशी थांबायचं असतं, नाहीतर उष्ण समुद्रात शिरल्यावर तेल फुगून डेकवर येतं. माझ्या हाताखालची पोरं त्याला 'अप्पांची दोन बोटं' म्हणतात. तुमचं तोंडही न पाहिलेली माणसं दूर कुठल्या समुद्रावर तुमच्या बोटांनी टँक भरतात याचा मला केवढा अभिमान होता! काखेत कळसा आणि गावाला वळसा. जगभरच्या चोरीच्या आळांचा हिशेब मी लावून दिला, आणि माझ्या घरच्या आळाकडे माझं लक्षच गेलं नाही.

तुम्हाला ती पहाट आठवते ना? मी शाळेत होते, ताईची पहिली दिवाळी होती, तिरुप्पनंदाळचे जावई पाटावर बसले होते. तोवर आपल्या घरात या तेलासाठी रुंद तोंडाचं मातीचं मडकं असायचं. त्यात तेल उतरलं तरी कोणाच्या लक्षात यायचं नाही, इतक्या मोठ्या तोंडाला ते केसभर दिसणार. ताईसाठी तुम्ही हौसेनं कासाराकडून नवी घागर घडवून घेतलीत, पोट मोठं आणि गळा माझ्या मनगटाहून थोडा जाड. आईला म्हणालात, सासरीं दृष्ट लागावी अशी पाठवूं. अप्पा, तुम्ही कासाराकडून पितळेचा थर्मामीटर करून आणला होतात! आईनं फडकं सोडलं आणि तिचा हात तसाच राहिला. तेल रेघेच्या तीन बोटं खाली. जावयांनी पाहिलं, त्यांच्या आईनं पाहिलं. मावशी पुटपुटली, घागर कोठें ठेविली होती? घागर रात्रभर स्वयंपाकघरात होती, आणि स्वयंपाकघरात आत्या निजायची.

आत्या. तुमची चुलत बहीण, नवरा गेल्यावर आपल्याकडे आलेली, तुम्हाला अण्णा म्हणणारी. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझा डबा तिनं भरला, परीक्षेच्या दिवसांत माझ्या पानात दह्याची कवडी जास्त पडायची ती तिच्या हातानं. दर शुक्रवारी ती विठ्ठलाच्या देवळात समईसाठी वाटीभर तेल न्यायची, आईला विचारून. त्या वाटीनंच तिचा घात केला. सगळ्यांना एकदम ती वाटी आठवली. तुम्ही तिला विचारलंत. ती म्हणाली, "मी नाहीं अण्णा." एवढंच. हातवारे नाहीत, शपथ नाही, रडणं नाही. मावशीला तर तेच खुपलं, खरी असती तर रडली असती म्हणाली. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. मला तुमचा तो शांत, वर्गात वापरायचा आवाज आत्ता ऐकू येतो आहे. "विचारलें असतेंस," तुम्ही म्हणालात, "तर देवास म्हणून घागरभर दिलें असतें ग."

शिवी दिली असतीत तर परवडलं असतं. शिवीला उत्तर देता येतं. त्या वाक्यानं तुम्ही तिला चोर ठरवलंत आणि त्याच दमात माफही करून टाकलंत, आता ती बोलणार काय? तिनं त्या दिवशीचा सगळा स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपली ट्रंक घेऊन भावाकडे इन्नंबूरला निघाली. रिक्षा तुम्ही बोलावलीत. मी दारात रडत होते, तर आई म्हणाली, आंत ये, शेजारी बघतात. मग तिचं नाव घरात निघेनासं झालं. निघालंच तर आवाज खाली करून, 'तें तेलाचें झालें तेव्हां' असं.

आता मला विचारायचं आहे ते. तुम्ही मास्तर होतात. पातळ पदार्थ तापले की प्रसरण पावतात, निवले की आकुंचन पावतात, हे तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलंत. लाल पाणी भरलेला काचेचा चंबू, वर बारीक नळी, खाली दिवा. नळीतलं पाणी चढताना पोरांचे डोळे मोठे होतात ते तुम्ही घरी येऊन करून दाखवायचात. आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात तोच चंबू पितळेचा होऊन समोर उभा होता तर तुम्हाला दिसला नाही? काल सकाळी तासभर मी याच एका गोष्टीवर रागावून होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तुम्हाला मनातल्या मनात सुनावत होते. त्या रागात एक सुख होतं, कारण त्यात तुम्ही फक्त चुकला होतात. चुकणं मला समजतं. मीही चुकते.

पण मग त्याच वर्षीचा, मार्गळीतल्या थंडीतला तो दिवस आठवला. सकाळी तुम्ही तो चंबू कापडात गुंडाळून सायकलला टांगून शाळेत गेलात. आणि भर दुपारी, शाळा सुटायच्या आधीच, परत आलात. मी तापानं घरी होते म्हणून मला ठाऊक. तुमच्या बोटांना खडू तसाच होता. आईनं पान मांडलं. तुम्ही बसलात आणि विचारलंत, "ताईची घागर भरली, तेव्हां तेल ऊन होतें काय?" आई म्हणाली, "ऊनच की. फडकें बांधितांना माझा हात पोळला. कां?" तुम्ही म्हणालात, कांहीं नाहीं. भात कालवलात आणि तसाच ठेवून उठलात. मला वाटलं माझ्या गणिताच्या मार्कांवर रागावलात. इतकी वर्षं तो दिवस माझ्या डोक्यात माझ्या मार्कांचा दिवस म्हणून पडून होता, अप्पा. काल तो उलटून पाहिला तर खाली हे.

तुम्हाला कळलं होतं. त्याच वर्षी, महिना-दीड महिन्यात कळलं होतं.

आणि मग माझी पहिली दिवाळी. आई घागर भरत होती आणि तुम्ही दारातून म्हणालात, "दोन बोटें सोड." आई म्हणाली, उणी घागर कशी पाठवूं? तुम्ही म्हणालात, "तेलासही श्वास घ्यायास जागा लागते." शिवाय रेघही तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, तेल निवल्यावर, स्वतःच्या हातानं ओढलीत. मला तुमचं ते वाक्य इतकं आवडलं होतं! नव्या नवऱ्याला कौतुकानं सांगितलं. जहाजावर नेलं. तुम्ही शेवटी दवाखान्यात होतात तेव्हा मी पाण्याचा पेला भरत होते आणि तुम्ही उशीवरून हसून म्हणालात, "काठोकाठ नको. दोन बोटें." मीही हसले. आपण दोघं हसलो. खोलीत तिसरं कोणी नव्हतं, दार बंद होतं, मी तुमचीच मुलगी होते आणि तेलाचं शास्त्र खाऊन पोट भरणारी होते. सगळ्या जगात तुमचं म्हणणं एका वाक्यात समजू शकेल असं माणूस तुमच्या उशाशी पेला घेऊन उभं होतं. तेव्हाही तुम्ही पाणीच प्यालात.

मी ज्याला तुमचं शहाणपण समजत होते ती तुमची लपवाछपवी होती. हा शब्द मी दोनदा खोडून पुन्हा लिहिला. पण दुसरं काय म्हणू?

काल दुपारी मी घागर उचलली. म्हणजे माझी, तुम्ही मला दिलेली, जहाजावर जाताना मी ती इथेच माळ्यावर ठेवली होती. घाण्यावरून तेल घेतलं आणि रिक्षा करून इन्नंबूरला गेले. ऐप्पसी महिन्याचा पाऊस लागून होता, दोन्ही बाजूंना भातखाचरं पाण्यानं भरलेली. आत्या ओटीवर बसली होती. ती आहे अजून, अप्पा. वाळून पेंढीएवढी झाली आहे, पण डोळे तेच. तिनं मला आवाजावरून ओळखलं आणि पहिलं विचारलं, "जेवलीस काय ग?" मी वाकून नमस्कार केला तेव्हा तिचं डोकं जवळून दिसलं. केस पांढरे आणि कोरडे, काथ्यासारखे. सणाच्या आदल्या दिवशी घरात सगळ्यांची डोकी तेलानं चपचपलेली, आणि तिचं असं.

मी तिच्या भाचेसुनेला आत जाऊन विचारलं. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, तेलाचं कपाट सासूबाई कुलपात ठेवायच्या, आत्याबाई या घरात आल्या तेव्हापासून, तशी रीतच पडली. आता कुलूप नावाला आहे, पण किल्ली कंबरेला असतेच. आणि आत्याबाई कधी तेल मागत नाहीत. दिवाळीलाही नुसत्या पाण्यानं न्हातात. दिवाळीला, अप्पा. ज्या गावात भिकाऱ्यालाही त्या दिवशी डोक्याला तेल मिळतं, त्या गावात.

मी ओटीवर येऊन तिला सांगितलं. जसं तुम्हाला वर लिहिलं तसंच, ऊन तेल, अरुंद गळा, निवणं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तोंडीं नको. दाखव."

म्हणून दाखवलं. तिच्याच चुलीवर तेल कढवलं. घागर काठोकाठ भरली, ती ओटीच्या मधोमध ठेवली आणि रेघ आत्याच्या बोटानं ओढून घेतली. भाचा, त्याची बायको, त्यांच्या मुली, सगळ्यांना मी बसायला लावलं आणि सांगितलं, कोणी हात लावायचा नाही आणि कोणी उठायचं नाही. हे सांगताना माझा आवाज डेकवरचा झाला होता. बाहेर पाऊस, आत आम्ही घागरीभोवती, जशी पूजा मांडावी तशी. आत्यानं क्षणभरही नजर काढली नाही, कॉफी आली तीही घेतली नाही. पितळ निवत गेलं. आधी रेघेखाली नुसती एक चकाकी दिसली, मग धाकट्या मुलीला दिसलं आणि ती ओरडली, "उतरतें आहे!" संध्याकाळपर्यंत आत्याची तीन बोटं रेघेखाली सुखानं मावली. तिनं ती घालून पाहिली, काढली, पुन्हा घातली. भाचेसून उठली, कमरेची किल्ली सोडून तिच्यापुढे ठेवून खाली मान घालून बसली. आत्यानं किल्ली परत सरकवली. "आतां मज कशास?" म्हणाली, पण रागानं नाही.

मला वाटलं झालं. तेवढ्यात ती म्हणाली, "मी घेतलें नाहीं हें मज ठाऊकच होतें ग. तुझ्या अप्पास ठाऊक होतें काय, तें सांग."

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. दर वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही बसनं इन्नंबूरला यायचात. हातात तेलाचा डबा. तो ओटीवर ठेवायचात, "बरी आहेस ना?" विचारायचात आणि तसेच फिरायचात. पाणीही न घेता. "अण्णा चोरास भीक घालून जातो, असें मज वाटे," आत्या म्हणाली. "तें तेल देवास कसें लावूं? डोक्यास तरी कसें लावूं? सगळें गाडीवानास देत होतें, बैलगाडीच्या आंसास."

सगळं तेल, अप्पा. तुम्ही पाय झिजवून नेलेलं सगळं तेल बैलगाडीच्या आसाला गेलं, कारण त्याच्याबरोबर तुम्ही एक वाक्य नेलं नाहीत.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काय सांगणार होते मी? ठाऊक नव्हतं म्हणावं तर तिचा अण्णा तिला चोर समजूनच गेला. ठाऊक होतं म्हणावं तर ते त्यानं गिळून टाकलं. मी म्हणाले, "ठाऊक होतें आत्या."

तिनं घागरीतल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग बोलला कां नाहीं? एक शब्द बोलला असता तर तें तेल समईंत जळलें असतें."

मी जे म्हणाले ते इथे लिहिते, आणि म्हणूनच हे पत्र कुठे जाणार नाही. खाली सणाची माणसं आहेत, कोणाच्या हाती पडायला नको. उद्या दादाच्या बंबात टाकीन.

मी म्हणाले, "शेवटीं दवाखान्यांत बोलले, आत्या. मजपाशीं. रडत होते. म्हणाले, तूं इन्नंबूरास जा, तिच्या पायां पडून सांग, माझ्यानें होत नाहीं. मीच आलें नाहीं. जहाजावर गेलें आणि राहून गेलें."

आत्या उसळली. इतकी वाळलेली बाई, पण काय आवाज निघाला! म्हणाली, मरतांना माणूस निरोप देतो आणि तूं खुशाल समुद्रावर हिंडतेस? तुज लाज आहे काय? जहाजावर कागद नव्हता? तुज मी वेण्या घातल्या त्या ह्यासाठीं काय? भाचा मधे पडायला लागला तर त्यालाही गप्प केलं. मी खाली मान घालून ऐकत होते आणि मला दिसत होतं की तिचा चेहरा सैल होत चालला आहे. इतकी वर्षं साठलेलं होतं, ते एकदाचं कोणाच्या तरी अंगावर गेलं. मग ती थकली. तळहात पुढे केला आणि म्हणाली, "घाल."

मी घागर कलती करून तिच्या हातावर तेल घातलं. सवयीनं थोडं आधीच थांबले. "भर ग," ती म्हणाली, "सांडूं दे." भरलं. ते सांडलं, तिच्या पातळावर, ओटीवर. तिनं तो हात टाळूवर ठेवला आणि डोळे मिटून म्हणाली, "बोलला ना शेवटीं. आमचा अण्णा बोलला."

तुम्ही बोलला नव्हतात, अप्पा. तुम्ही नुसतं पाणी प्याला होतात. हे आता तुम्हाला आणि मलाच माहीत.